माझा एक खांब जातो कुठे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला नेहमी येतो: "क्रोशाची सुई हातात धरून तुम्हाला जेमतेम तीन महिने झाले होते, मग दुसऱ्यांना शिकवायला कशा बसलात?" आधी हात बसावा, मग शिकवावं, असं विचारणाऱ्याच्या मनात असतं. माझा हात बसला तोच मुळी शिकवताना.

शेजारच्या काकूंनी माझं विणकाम पाहिलं आणि "मलाही दाखव" म्हणाल्या. साखळी, म्हणजे एकातून एक काढलेल्या फासांची माळ, त्यांना लगेच जमली; खांब, म्हणजे तिच्यावर उभे राहणारे उंच टाके, तेही जमले. पण चौकोन विणता विणता त्याचा त्रिकोण व्हायला लागला. पहिल्या ओळीत २० खांब, पुढच्या ओळीत १९, मग १८. "माझा एक खांब जातो कुठे?" असं त्यांनी विचारलं आणि मला उत्तर देता येईना. माझाही खांब कधीकधी कमी व्हायचा. मी मध्येच कुठेतरी एक जास्तीचा घालून वेळ निभावून न्यायचे.

"उद्या सांगते" म्हटलं आणि रात्री सुई घेऊन बसले. विणलं, उसवलं, प्रत्येक टाक्यावर बोट ठेवून मोजलं. ओळ संपली की काम उलटवून आपण तीन साखळ्या घालतो. त्या तीन साखळ्या म्हणजेच नव्या ओळीचा पहिला खांब. परतीच्या ओळीतला शेवटचा खांब त्यांच्या माथ्यावर, तिसऱ्या साखळीत घालायचा असतो. पण त्या साखळ्या कडेला अंग चोरून उभ्या असतात, खांबासारख्या दिसत नाहीत, म्हणून नजर त्यांना सोडून पुढे जाते. तीन महिने मी त्या साखळ्या घालत होते, पण त्या कशासाठी आहेत हे मला त्या रात्री कळलं. काकूंनी विचारलं नसतं तर मी आजही अंदाजाने टाके वाढवत बसले असते.

मग आणखी तिघी यायला लागल्या. एकीचे टाके इतके घट्ट, की पुढच्या ओळीत सुई आत शिरेना. मी सारखी "सैल विण" म्हणायचे आणि ती बिचारी दोरा आणखी आवळायची. सैल म्हणजे नक्की काय करायचं, हे तिला कोण सांगणार? शेवटी मी माझ्याच हाताकडे पाहत सावकाश विणलं. दोरा ओढून घेतल्यावर फास मी सुईच्या जाड भागावर सरकू देत होते. तिचा फास आकड्याजवळच्या बारीक गळ्यातच आवळला जायचा. टाक्याचं माप जाड भागावर ठरतं. एवढं सांगितल्यावर त्याच बैठकीत तिचा हात सुटला.

डावखुरी मुलगी आली तेव्हा मात्र मी घाबरले होते. मार्ग सोपा निघाला: बाकीच्यांच्या शेजारी बसायचं, तिच्या समोर. आरशात पाहावं तसं ती माझ्या उजव्या हाताचं डाव्या हाताने करायची.

गोल विणताना याच मुलीने प्रत्येक टाक्यात दोन-दोन मुके खांब, म्हणजे खांबापेक्षा बुटके टाके, घातले. सपाट गोल हवा असेल तर ६ मुक्या खांबांनी सुरुवात करून दर फेरीला ६ वाढवायचे असतात. तिचा गोल अर्थातच झालरीसारखा लहरायला लागला. "चुकलं, उसव" असं मी म्हटलं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. नंतर वाचनात आलं, की डायना टाइमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये असेच ठरावीक प्रमाणात टाके वाढवत नेऊन अतिपरवलयी (हायपरबोलिक, म्हणजे कडेकडे झालरीसारखा लहरत जाणाऱ्या) पृष्ठभागाचे नमुने क्रोशाने विणले होते. कागदाचे नमुने पटकन फाटायचे, विणलेले हातात धरून दुमडता येतात. पुढच्या वेळी मी तिची माफी मागितली आणि तो गोल पुन्हा विणायला सांगितला.

तेव्हा तीन महिन्यांच्या माणसाने शिकवावं का? माझं उत्तर "हो" आहे. फक्त आपल्याला कुठवर येतं ते पहिल्याच दिवशी सांगून टाकावं, आणि स्वतः विणलं नाही ते दाखवू नये. मीही तेवढंच केलं. अननसाचा नमुना शिकवा म्हणून चौघी मागे लागल्या आहेत. माझा दोनदा उसवून झालाय, तिसऱ्यांदा सातव्या ओळीवर आहे.