तिघींचा सूर

आज दुपारभर पावट्याच्या शेंगा सोलत थ्री डिग्रीज हा तीन अमेरिकन गायिकांचा गट ऐकत होते. सूप निम्मं भरेपर्यंत एकच गाणं फिरून फिरून लावलं, ‘व्हेन विल आय सी यू अगेन’. सुरुवातीला शब्दच नाहीत, नुसते तिघींचे हुंकार. एकीचा श्वास संपतो तिथे दुसरी अलगद उचलते, आणि माझा हात शेंगेवर तसाच थांबतो. दर वेळी!

फिलाडेल्फियातला हा गट 1963 पासून गातोय, मुली मात्र अधूनमधून बदलत गेल्या. हे गाणं आलं 1974 मध्ये आणि ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. गंमत म्हणजे मुख्य आवाज जिचा, त्या शीला फर्ग्युसनने गीतकार-निर्माता केनी गॅम्बलकडून ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चक्क आदळआपट केली होती. इतकं सोपं गाणं मला द्यायचं म्हणजे अपमानच, असं तिला वाटलं. पुढे लाखो प्रती खपल्यावर तिनेच मोकळेपणाने कबूल केलं की गॅम्बलला आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. मला हे फार आवडतं. सोपं गाणंच तर सगळ्यात अवघड असतं, लपायला जागाच नसते त्यात.

शीला 1986 मध्ये गटातून बाहेर पडली. पण 1967 मध्ये आलेली व्हॅलेरी हॉलिडे टिकून राहिली, आणि सुरुवातीच्या दिवसांत गाऊन गेलेली हेलन स्कॉट दहा वर्षांनी, 1976 मध्ये, परत आली. दहा वर्षांनी येऊन त्याच सुरात उभं राहायचं! माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं.

पावटे झाले सोलून. गाणं अजून चालू आहे.