'काढा', 'वगळा', 'पुसा': गिटच्या मराठी मार्गदर्शिकेची तिसरी फेरी

गिट म्हणजे फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. त्याच्या मार्गदर्शिकेचा मराठी अनुवाद करतोय; या पंधरवड्यात अकराच वाक्यं हातावेगळी झाली. त्यातल्या चार संध्याकाळी 'काढा' या एका शब्दापायी गेल्या.

'गिट आरएम' ही आज्ञा फाइल गिटच्या इंडेक्समधूनही (पुढच्या नोंदीत काय जाणार याची यादी) घालवते आणि डिस्कवरूनही. तिला 'कॅश्ड' हा पर्याय जोडला तर डिस्कवरची फाइल जागेवर राहते. माझ्या आधीच्या खर्ड्यात दोन्हीकडे 'फाइल काढा' एवढंच होतं. धुळ्याहून अमळनेरला आलेल्या भाच्याला वाचायला दिलं, तर तो पहिल्याच ओळीला अडला: "मामा, काढानी म्हंजे ठेवानी का फेकानी?"

त्याचं बरोबरच आहे. आपण बँकेतून पैसे काढतो, शेतातून भुईमूग काढतो. काढलेली वस्तू उलट हातात येते. म्हणून आता इंडेक्समधून 'वगळा' आणि डिस्कवरून 'पुसा'. 'हटवा' मुद्दाम टाळलं, कारण 'गिट एमव्ही'साठी 'हलवा' घेतलंय आणि मोबाइलच्या बारीक अक्षरांत दोन्ही सारखेच दिसतात.

दुसरी अडचण 'करावे'ची. आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची मालिका. त्यातल्या १९९७च्या आरएफसी २११९ मध्ये 'मस्ट', 'शुड' आणि 'मे' यांचे अर्थ ठरवून दिलेत. 'शुड' म्हणजे सबळ कारण असेल आणि परिणाम ठाऊक असतील तर सोडता येतं. मराठी 'करावे' सक्तीलाही चालतं, सल्ल्यालाही. इंग्रजीत कॅपिटल अक्षरांनी भागतं. २०१७च्या आरएफसी ८१७४ने तर स्पष्टच केलं की तो खास अर्थ फक्त कॅपिटलमधल्या शब्दांनाच. देवनागरीत ती सोय नाही, म्हणून सगळा भार क्रियापदावर येतो. मी ठरवलेलं असं: सक्तीला 'केलंच पाहिजे', सल्ल्याला 'करावं', मुभेला 'केलं तरी चालेल'. सक्त मनाईला 'करता कामा नये'. साध्या पायऱ्यांना नुसतं 'करा', तिथे 'करावं' येऊच द्यायचं नाही. हा नियम लावल्यावर जुन्या पानांतली कितीतरी 'करावे' बदलावी लागली, आणि प्रत्येक वेळी मूळ वाक्य पुन्हा नीट वाचावं लागलं. तो वेळ सार्थकी लागला असं मनापासून वाटतं.

'पर्यंत' अजून अडलंय. 'गिट लॉग' ही आज्ञा कमिटांची, म्हणजे नोंदवलेल्या बदलांची, यादी दाखवते. तिला दोन टिंबांनी 'अ..ब' दिलं की 'अ' कमिट यादीत येत नाही, 'ब' येतं. 'अ पासून ब पर्यंत' लिहिलं तर वाचणारा 'अ' धरणारच. सध्या 'अ सोडून पुढचे, ब धरून' असं लिहिलंय. रविवारी धुळ्याला जातोय, तेव्हा भाच्याकडून आधी हीच ओळ वाचून घेणार.