आगाऊ

आठवी ‘ब’मध्ये असताना माझ्या प्रगतिपुस्तकात ‘वर्तन’ या रकान्यात एकच शब्द होता. आगाऊ. सही घ्यायला मी दोन दिवस टाळाटाळ केली. वडील एसटीत कंडक्टर. त्यांनी वाचलं, सही केली आणि म्हणाले, “आमच्या डेपोत खिडकीवर हेच रंगवलंय की. आगाऊ आरक्षण.”

दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगून टाकलं, अर्थात कुणी विचारलेलं नसताना. पोरं फिदीफिदी हसली. मराठीच्या बाईंनी मला ग्रंथालयात पिटाळलं, दाते-कर्व्यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चा पहिला खंड आणायला. १९३२ ते १९३८ या काळात निघालेला तो कोश आमच्या शाळेत कुलपात असायचा. मला तर वाटायचं, त्यात शिव्या असणार. (आहेतही. नंतर शोधल्या.)

त्या तासाला विभक्तिप्रत्यय राहिले बाजूला. बाईंनी फळ्यावर ‘अग्र’ लिहिलं. अग्र म्हणजे पुढचं टोक. अग्रणी, अग्रलेख, अग्रपूजा ही सगळी त्याची मानाची लेकरं, आणि बोलून बोलून झिजलेला ‘आगाऊ’ही त्याच घरचा. पैसे आगाऊ दिले तर व्यवहार चोख, माणूस आगाऊ निघाला की पंचाईत. उद्धट उलट बोलतो, चावटाच्या बोलण्यात डोळा मिचकावलेला असतो, वाह्यात हा शब्द अरबी-फारसीतून आला तोच फोलपणा घेऊन. आगाऊ माणूस मात्र पुष्कळदा बरोबरच बोलत असतो, फक्त त्याचा नंबर लागलेला नसतो. हे बाईंचं म्हणणं मला अजून पटतं.

मग मी कान देऊन ऐकायला लागले. मागच्या बाकावरचा एक मुलगा माझ्याइतकाच मध्येमध्ये बोलायचा. त्याला ‘हजरजबाबी’ म्हणत. दुसरा, बड्या घरचा, ‘चुणचुणीत’. आगाऊ आम्ही तिघी-चौघीच, आणि शिपाईकाकांचा मुलगा. असं का, म्हणून बाईंना विचारलं. त्या जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “ते कोशात नाही सापडायचं.” पुढच्या सहामाहीला त्याच रकान्यात ‘प्रश्न विचारते’ असं आलं. अक्षर बाईंचं होतं.

हा मजकूर मी मुदतीच्या आठ दिवस आधी पाठवला. स्मरणिकेचं काम बघणारा वर्गमित्र, तोच तो हजरजबाबी, त्याचं दोन शब्दांचं उत्तर आलं: “आगाऊ मिळाला.”