तुम्ही विचारलंत म्हणून: अजून तोच जुना उनो का?

उनो म्हणजे अर्डुइनो उनो, प्रोग्रॅम चढवून दिवे-सेन्सर चालवायचा छोटा बोर्ड. ईएसपी३२ हा तसलाच नवा बोर्ड, जवळपास त्याच भावात मिळतो, त्यात वायफाय आहे, ब्लूटूथ आहे. मग बेळगावजवळच्या खानापूरकडच्या शाळांत तुम्ही पोरांच्या हातात अजून तो आठ बिटांचा उनो का देता? हे मला कॉलेजातले प्राध्यापक विचारतात, बेंगळुरूला नोकरीला लागलेली आमचीच जुनी पोरं विचारतात, आणि शाळेला काहीतरी द्यायचं म्हणून फोन करणारे कंपन्यांचे लोक तर नमस्कार झाल्या झाल्या विचारतात. दरवेळी मी थातुरमातुर काहीतरी सांगून सुटतो. आज सगळं सांगतो, म्हणजे परत विचारू नका.

मला ईएसपी३२ कळत नाही, असं मात्र समजू नका. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, माझं दुरुस्तीचं दुकान आहे. सीएनसीचे ड्राइव्ह, पॉवर सप्लाय, फौंड्रीतले टेंपरेचर कंट्रोलर, यावर माझं पोट चालतं. ईएसपी३२मध्ये दोन कोर, २४० मेगाहर्ट्झ, ५२० केबी रॅम. उनोतल्या अ‍ॅटमेगा३२८पी चिपकडे १६ मेगाहर्ट्झ आणि २ केबी. कागदावर ही लढतच नाही. शनिवारी शाळांत जायला लागलो तेव्हा मी तुमच्याच बाजूला होतो. ‘पोरांना म्हातारं तंत्र शिकवून काय मिळणार?’ असं एका मुख्याध्यापकांना मीच सुनावलं होतं.

त्याच शाळेची गोष्ट. नाव सांगत नाही, तालुक्यातली मराठी माध्यमाची शाळा. देणगीतून ईएसपी३२चे बोर्ड आले. डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे तपासणीला मोजून दाखवायच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, नोंद झाली, प्रत्येक बोर्डावर मार्करनं नंबर पडला आणि बोर्ड कपाटात गेले. शनिवारी किल्ली निघायची. नववीतल्या एका मुलीला भाताच्या वाफ्यात पाणी किती आहे ते सांगणारं यंत्र करायचं होतं. प्रोग्रॅम तिनं आदल्या शनिवारीच चढवून ठेवला होता. त्या दिवशी लाईट नव्हती, आणि लाईट नसणार हे तिला गावात राहून ठाऊकच होतं. म्हणून तिनं औषध मारायच्या पाठीवरच्या पंपातली १२ व्होल्टची बॅटरी काढून, टॉवेलात गुंडाळून बसनं आणली होती. मला आजही वाटतं, त्या वर्गात त्या दिवशी तिच्याइतका पुढचा विचार कुणीच केला नव्हता.

त्या तीस पिनांच्या बोर्डाची एक खोड आहे. यूएसबीच्या टोकाला एका कडेला व्हिन, म्हणजे बाहेरची वीज घ्यायची पिन, आणि बरोबर समोरच्या कडेला ३व्ही३, म्हणजे थेट चिपच्या ३.३ व्होल्टची पिन. दोन्हींच्या शेजारी ग्राउंड. बोर्ड फिरवून धरला की डाव्याचं उजवं होतं. व्हिनला १२ व्होल्ट दिले असते तर व्होल्टेज उतरवणारा रेग्युलेटर चटका बसण्याइतका तापला असता, पण थोडा वेळ तरी निभावलं असतं. लाल वायर लागली ती ३व्ही३ला. मध्ये रेग्युलेटर नाही, काही नाही, ३.३ व्होल्टवर जगणाऱ्या चिपला थेट १२. टक्क असा आवाज, पत्र्याच्या टोपणाखालून धुराची बारीक रेघ, आणि तो वास. माझ्या दुकानात तो वास रोजचाच. पोरं हसली. तिनं वायर काढली, पिनांवरचं बारीक अक्षर वाचलं, बोर्ड फिरवला आणि वायर बरोबर जागी लावली. बरोबर लावल्यावर तरी तो चालेल म्हणून सगळे वाट बघत राहिले.

“गेला तो. दुसरा घे,” मी म्हटलं. पण दुसरा कुणी काढूनच देईना. गेला होता तो रजिस्टरमधला नंबर.

सोमवारी वडिलांना बोलावलं, मीही गेलो. वडील फौंड्रीत मोल्डिंगला, रात्रपाळी करून तसेच आले होते. मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हेत. म्हणाले, “तपासणीला आले की मी काय दाखवू सांगा की ओ? नंबर हाय, वस्तू न्हाई.” वडिलांनी काही न बोलता खिशातून घडी झालेल्या नोटा काढल्या, टेबलावर एकेक सरळ करत ठेवल्या. मी म्हटलं, राहू दे हो, मी भरतो. “नको सर. आमच्या पोरीनं जाळलंय न्हवं?” मग मुख्याध्यापकांकडे बघून, “आणि परत तिला त्या खोलीत सोडू नका.” ती दाराशी उभी होती. पुढच्या शनिवारपासून शाळा सुटली की ती सरळ घरी. दहावीनंतर तिनं आर्ट्स घेतलं. बोर्ड जळला म्हणून घेतलं असं मी म्हणत नाही. आर्ट्स घेण्यात वाईट काही आहे असंही नाही. पण तुम्ही वायफायचं विचारता तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर त्या नोटा येतात.

तेव्हापासून पार्ट निवडताना मी आधी हेच बघतो: हा जळला तर काय काय लागेल? पैसे किती, दिवस किती, सही कुणाची?

उनोचे क्लोन, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या नकला, दोन तऱ्हेचे येतात. एकात चिप बोर्डावरच चिकटलेली, तो स्वस्त. दुसऱ्यात २८ पायांची चिप बेसमध्ये खोचलेली. मी दुसराच घेतो. चिप उडाली की चपट्या स्क्रूड्रायव्हरनं दोन्हीकडून हळू उचकटायची, खाच बघून नवी दाबायची, तास चालू. बाजारातून आलेली चिप कोरी असते. तिच्यात बूटलोडर, म्हणजे केबलवरून पोरांचा प्रोग्रॅम आत घेणारा छोटा प्रोग्रॅम, मी दुकानात बसून दुसऱ्या उनोवरून आधीच भरून ठेवतो. तुटवडा पडलाच तर बेंगळुरूच्या एसपी रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून पार्सल रात्रीच्या बसला टाकलं की सकाळी बेळगावात.

शिवाय सगळा संसार ५ व्होल्टचा. घराघरात मोबाईलचा चार्जर ५ व्होल्टचा, अंतर मोजायचा स्वस्तातला अल्ट्रासॉनिक सेन्सर ५ व्होल्टचा. त्याचा इको, म्हणजे ५ व्होल्टचा परतीचा सिग्नल, ३.३ व्होल्टच्या ईएसपी३२ला द्यायचा तर मध्ये दोन रेझिस्टर आले, आणि ते का, हे आठवीला पहिल्याच तासाला कोण समजावणार? केबलचं तर विचारूच नका. ईएसपीला पोरं घरची चार्जिंगची केबल आणतात. त्यातल्या कितीतरींत डेटाच्या वायरीच नसतात. दिवा लागतो, कॉम्प्युटरला बोर्ड काही दिसत नाही, आणि अर्धा शनिवार संपतो. उनोला लागते प्रिंटरची चौकोनी केबल. ती ऑफिसात क्लार्ककडे हमखास असते. मागताना तेवढं गोड बोलावं लागतं.

आता तुम्ही पकडाल ते मीच सांगतो. २०२१च्या सुमाराला जगभर चिपांचा दुष्काळ पडला, तेव्हा ही सुटी चिप अशी महागली की माझा हिशोबच मोडला. आजही कधीकधी तिच्याच भावात नॅनोचा, म्हणजे तीच चिप चिकटवलेल्या छोट्या बोर्डाचा, आख्खा क्लोन येतो. मग नॅनो का नाही? जळला की फेकायचा, नवा लावायचा, तेवढंच सोपं. यावर माझ्याकडे जे उत्तर आहे ते तुम्हाला पटेलच असं नाही. उनोतून चिप काढून ब्रेडबोर्डवर, म्हणजे वायरी खोचायच्या भोकांच्या पाटीवर, लावायची, १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, २२ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर, रिसेटला १०के, आणि निळा बोर्ड बाजूला ठेवूनही एलईडी लुकलुकतो. तेव्हा पोरांची तोंडं बघायला या. पण हे शिकवण्याचं कारण झालं की दुरुस्तीवाल्याची हौस, यावर माझंच माझ्याशी भांडण आहे.

प्रदर्शनात शहरातल्या शाळा मोबाईलवरून दिवे लावतात. ज्यांना केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅबचं २० लाखांचं अनुदान मिळालं, त्यांच्याकडे तर थ्रीडी प्रिंटरसुद्धा. आमच्या टेबलापुढे परीक्षक थांबतात, मान डोलावतात, पुढे जातात. “सर, आमचं मोबाईलला कधी जोडायचं?” असं एका पोरानं विचारलं तेव्हा मी पुढच्या वर्षी म्हणालो. ते पुढचं वर्ष होऊन गेलं.

म्हणून यंदा थोडे ईएसपी३२ पुन्हा आणतोय. देणारे तयार आहेत. माझी अट एकच: पत्रात लिहून द्या की हा माल उपभोग्य आहे, खडू आणि परीक्षानळ्यांच्या पानावर नोंदवावा, डेड स्टॉकला नको. मुख्याध्यापकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “तसं लिहिलं की निम्मे बोर्ड महिन्याभरात पोरांच्या घरी जातील की ओ!”

जातील. मी म्हटलं, जाऊ देत. त्यांनी अजून सही केलेली नाही.