इंचाचा भाव आणि रेघेचं वय

मुंबईत घराचा भाव स्क्वेअर फुटाने आणि टॅटूचा भाव स्क्वेअर इंचाने. साहजिकच बांद्र्यापासून डोंबिवलीपर्यंत कुठल्याही स्टुडिओत शिरणारा माणूस वन आरकेचा हिशेब डोक्यात घेऊनच येतो. मनगटावर दोन इंच जागा. त्यात आईचं नाव, बाबांचं नाव, मधे हृदयाच्या ठोक्यांची रेघ, वर मोरपीस, आणि जमलं तर त्या पिसातून उडणारे तीन पक्षी. आर्टिस्ट समंजस असला तर यातलं निम्मं खोडून टाकतो. महिन्याचं भाडं थकलेलं असलं तर सगळं बसवून देतो. त्या दिवशीचा फोटो दोन्हीकडे छानच येतो. पाच-सात वर्षांनी मात्र सगळं कोंबलेल्या मनगटावर पक्षी कुठले आणि ठोके कुठले, हे मालकालाही बोट ठेवून सांगावं लागतं.

याचं कारण कातडीत आहे. सुई आत जाते ती साधारण एक ते दोन मिलिमीटर. अगदी वरचा थर सतत झडत असतो, तिथे अडकलेली शाई खपलीबरोबर निघून जाते. त्याखालच्या थरात पोचलेले कण शरीराच्या सफाई पेशी गिळतात, पण त्यांना ते पचवता येत नाहीत, आणि त्या कण पोटात घेऊन तिथेच बसून राहतात. पेशी मेली की सुटलेले कण शेजारची नवी पेशी उचलते. टॅटू टिकतो तो असा. पण या उचलाउचलीत थोडे कण इकडेतिकडे सरकतात, आणि कोणाचीही, कितीही महागडी रेघ वर्षागणिक जराशी फुगते. म्हणून टॅटूची शैली ओळखायची असेल तर चित्र कशाचं आहे ते नंतर बघावं. आधी तीन गोष्टी बघाव्यात: रेघ किती जाड आहे, काळं किती आहे आणि मोकळी कातडी किती सोडली आहे.

ओल्ड स्कूल, म्हणजे अमेरिकन ट्रॅडिशनल, या तिन्हींत सगळ्यात रोखठोक. सात-नऊ सुयांच्या जुडग्याने ओढलेली ठसठशीत बाह्यरेघ, आत एक तृतीयांश काळं, एक तृतीयांश रंग, एक तृतीयांश नुसती कातडी असा जुन्या लोकांचा ढोबळ हिशेब. रंग मोजके: लाल, पिवळा, हिरवा. विषयही मोजके: जहाजाचा नांगर, गुलाब, पाकोळी, खंजीर, जहाज. १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ'रायली यांनी एडिसनच्या विजेच्या पेनावरून टॅटूच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि बंदरात उतरलेल्या खलाशाला तासाभरात टॅटू काढून परत जहाजावर पाठवणं शक्य झालं. पुढे होनोलुलूत नॉर्मन कॉलिन्स, म्हणजे सेलर जेरी, यांनी याच शैलीला घोटून आजचं रूप दिलं. ज्याला हे सगळं फार बटबटीत वाटतं त्याने चाळीस वर्षांपूर्वीचा ओल्ड स्कूल गुलाब बघावा. फिकट होतो, पण गुलाबच राहतो. निओ-ट्रॅडिशनल हा याचाच पुतण्या. हाडं तीच, फक्त रेघ कुठे जाड कुठे बारीक, रंग जास्त आणि दागदागिने भरपूर.

जपानी शैलीत खरी गंमत पार्श्वभूमीत आहे. लाटा, ढग, वाऱ्याचे काळे पट्टे हे सगळं मिळून अख्खा हात किंवा अख्खी पाठ एकच चित्र होतं, आणि ड्रॅगन त्या काळ्यातून वर येतो. कुनियोशी या चित्रकाराने १८२७ च्या सुमारास सुइकोदेन, म्हणजे एका जुन्या चिनी कादंबरीच्या जपानी रूपातल्या वीरांची लाकडी ठशांची चित्रं केली. त्या वीरांच्या अंगभर गोंदलेलं होतं आणि लोकांनी ते आपल्या अंगावर उतरवून घेतलं. १८७२ मध्ये जपान सरकारने गोंदण्यावर बंदी घातली, ती १९४८ मध्ये उठली. या शैलीत जोड्या ठरलेल्या असतात. सिंहाबरोबर पिओनीचं फूल येणार म्हणजे येणार. आपल्याकडे मात्र गिऱ्हाईक फोनमधला कोई मासा दाखवतं आणि म्हणतं, फक्त मासा द्या, पाणी नको, तीन इंचांत बसवा. पाण्याबाहेर काढलेल्या माशाचं व्हायचं तेच त्या टॅटूचं होतं. खवले एकमेकांत मिसळतात आणि उरते ती एक नारिंगी मिरची.

ट्रायबलवर फार शाई खर्च करत नाही. मुळं पॉलिनेशिया आणि बोर्निओत, तिथे प्रत्येक नक्षीला कुळाचा आणि दर्जाचा अर्थ. आपल्या जिमपर्यंत पोचेस्तोवर नुसते काटेरी पट्टे उरले. शिकण्यासारखी गोष्ट एकच, भरीव काळं. ते भरायला रुंद मॅग्नम सुई लागते. नवशिका लायनरनेच, म्हणजे रेघ ओढायच्या सुईनेच, रेघोट्या मारत बसतो, एकाच जागेवरून पाचदा जातो, कातडी सोलवटते आणि भरून आल्यावर काळ्यात पांढुरके चट्टे आणि हाताला लागतील असे वळ राहतात. दंड, छाती आणि खांदा इथे आपल्याकडच्या बऱ्याच जणांना केलॉइड, म्हणजे जखमेवर वाढत जाणारा फुगीर वण, उठतं. जुन्या जखमेची खूण फुगून राहिलेली असेल तर आर्टिस्टला ते आधी सांगावं, भरीव काळ्याचा नाद सोडावा.

ब्लॅक अँड ग्रे जन्मली कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांत. रंग मिळत नव्हते, सुई एकच, मोटर कॅसेट प्लेअरची. १९७५ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमध्ये गुड टाइम चार्लीज टॅटूलँड हे दुकान उघडलं आणि तुरुंगातली ती मऊ, धुरकट छटा रस्त्यावर आली. काम असं चालतं: तीन-चार लहान टोप्यांत, म्हणजे शाईच्या इवल्या वाट्यांत, काळी शाई घ्यायची आणि डिस्टिल्ड वॉटरने पायरीपायरीने पातळ करायची. सगळ्यात फिकी छटा आधी पाण्यासारखी वाटते, आणि भरून आल्यावर सगळ्याच छटा एकेक पायरी उतरतात. पोर्ट्रेट फसतात ती इथे. रिअलिझममध्ये, म्हणजे फोटोसारख्या हुबेहूब कामात, बाह्यरेघ नसते, नाकाची कड म्हणजे फक्त गडद आणि फिकं जिथे भेटतात ती जागा. आर्टिस्टने घाबरून काळं कमी वापरलं आणि सगळं मधल्या करड्यात रंगवलं, की दोन वर्षांत चेहऱ्याचं धुकं होतं. महाराजांचं पोर्ट्रेट असो की आजीचं, चेहरा तळहाताएवढा तरी हवा, आणि डोळ्यातली चमक कातडी मोकळी सोडून मिळवलेली हवी. पांढरी शाई कालांतराने पिवळट पडते.

रंगाचं आलंच आहे तर सांगून टाकतो. मेलॅनिन, म्हणजे कातडीला तिचा रंग देणारं द्रव्य, वरच्या थरात असतं आणि शाई त्याच्या खाली, म्हणजे गव्हाळ किंवा सावळ्या अंगावरचा प्रत्येक रंग आपण मेलॅनिनच्या आडून बघतो. पिवळा, गुलाबी, आकाशी असे फिके रंग त्यात बुडून जातात. गडद लाल, निळा, हिरवा चांगले दिसतात. 'तुमच्या स्किनवर कलर होतच नाही' असं सांगणाऱ्याला बहुधा स्वतःलाच येत नसतं. जाणकार माणूस आधी एका कोपऱ्यात चार-पाच रंगांचे ठिपके देतो आणि ते भरून यायला महिनाभर थांबायला सांगतो. वॉटरकलर या शैलीत तर बाह्यरेघही नाही आणि रंगही फिकेच. कागदावर ती मला अतिशय आवडते. अंगावर घ्यायची हौसच असेल तर आत एक काळा सांगाडा ठेवायला सांगावं.

सध्या चलती फाइन लाइनची, म्हणजे केसासारख्या बारीक रेघांच्या शैलीची. सुईच्या पाकिटावर १२०३ आरएल असं काहीतरी लिहिलेलं असतं, ते वाचायला शिकावं. १२ म्हणजे एका सुईची जाडी ०.३५ मिलिमीटर, ०३ म्हणजे तीन सुया, आरएल म्हणजे राउंड लायनर. १० असेल तर ०.३० आणि ०८ असेल तर ०.२५. फाइन लाइनवाले बहुतेक या शेवटच्या दोनांत खेळतात. हात केसभर खोल गेला की शाई कातडीखालच्या चरबीत उतरते आणि रेघेभोवती निळसर सावली पडते, तो ब्लोआउट. तो टचअपने जात नाही. मनगटाची आतली बाजू, घोटा, दंडाची आतली बाजू इथे कातडी पातळ, तिथे हा धोका जास्त, आणि गिऱ्हाइकांना नेमक्या याच जागा हव्या असतात. बोटांवर उलट तक्रार: तिथली कातडी इतकी झिजते की रेघ तुटक होत जाते. डॉटवर्क त्या मानाने सोशीक. ठिपके दाट-विरळ करून छटा मिळते, जखम कमी होते, भरूनही लवकर येतं. मंडलाची, म्हणजे वर्तुळातल्या नक्षीची, अडचण ठिपक्यांत नसतेच, ती स्टेन्सिलमध्ये, म्हणजे आधी कातडीवर उमटवायच्या छापात असते. हात टेबलावर पसरून स्टेन्सिल लावला तर उभं राहिल्यावर वर्तुळाचं अंडं होतं. उभं राहून, हात सैल सोडून लावावा, आरशात बघावा, वाकडा वाटला तर पुसून पुन्हा लावायला सांगायला लाजू नये, आणि मग दहा-पंधरा मिनिटं वाळू द्यावा. ओल्यावर काम सुरू केलं की पहिल्याच पुसण्यात अर्धं मंडल टिश्यूवर येतं. बरं, तळहाताएवढ्या डॉटवर्कला तेवढ्याच ट्रायबलच्या कितीतरी पट वेळ लागतो. इंचाचा भाव इथे कोलमडतो, म्हणून मुरलेले आर्टिस्ट सिटिंगचे पैसे सांगतात.

आता अक्षरं. या शहरात सर्वाधिक मागणी असलेल्या गोष्टींत राजमुद्रा आहे, आणि सर्वाधिक वाट लागते तीही तिचीच. हिशेब करून बघा. 'प्रतिपच्चंद्रलेखेव' पासून 'राजते' पर्यंत अनुष्टुभ छंदाची ३२ अक्षरं. दोन इंच म्हणजे पाच सेंटिमीटरचा अष्टकोन घेतला, दुहेरी किनार वजा केली, तर आत चार सेंटिमीटर उरतात. त्यात सहा ओळी. एका ओळीला साडेसहा मिलिमीटर मिळाले, त्यातच वर मात्रा आणि रफार, खाली उकार. खुद्द अक्षराला उरले तीन-चार मिलिमीटर. आता 'च्चं', 'ष्णु', 'स्यै' यांच्या पोटातल्या फटी मोजा. त्या अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर येतात, आणि तीन सुयांची ताजी रेघच जवळपास तेवढी असते. ती जराशी फुगली की फटी बुजल्या. 'वंदिता'वरचा अनुस्वार शिरोरेघेला चिकटतो आणि नुसता गोळा दिसतो. मुद्रा घ्यायची तर दहा सेंटिमीटरची घ्यावी, दंडावर, छातीवर किंवा पाठीवर. दोनच इंच परवडत असतील तर चंद्रकोर घ्यावी. प्रतिपदेची चंद्रकोर त्या श्लोकातच आहे, शिवाय तिला जोडाक्षर नाही.

देवनागरीत आणखी एक खड्डा आहे तो संगणकाचा. डिझाइनचं सॉफ्टवेअर मराठीला तयार नसलं तर 'श्री'चा पाय मोडून वेगळा पडतो, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराच्या बाजूला जाते, रफार शेजारी जाऊन बसतो. आर्टिस्ट मराठी वाचणारा नसेल तर त्याला ती नक्षीच वाटते आणि तो निष्ठेने ती जशीच्या तशी गोंदतो. स्टेन्सिल छापून आला की कातडीला लागण्याआधी अक्षर अक्षर वाचावं, स्वतः आणि शक्यतो बरोबरच्याने. घरात कोणी निवृत्त मराठीच्या बाई असतील तर त्यांना फोटो पाठवावा. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत टॅटू पुसणारा लेसर त्यांच्याइतका स्वस्त नाही.

आपल्या जुन्या गोंदणात हे प्रश्न आलेच नाहीत. दिव्याची काजळी, चार सुया दोऱ्याने बांधलेल्या, आणि आकृती म्हणजे कपाळावर-हनुवटीवर ठिपके, हातावर तुळस. ठिपक्याठिपक्यांत इतकी जागा की पन्नास वर्षं रेघा फुगल्या तरी तुळस वाचता येते. ते हिरवट-निळं दिसतं, कारण खोलवरच्या काळ्याकडून परतणाऱ्या उजेडात निळसर छटा जास्त येते. काजळी काळीच असते. रचना म्हणून ते अव्वल, स्वच्छता म्हणून अजिबात नाही. जत्रेत बॅटरीवर नावं काढून देणाऱ्याकडे एकच सुई रांगभर फिरली, तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीची वाट मोकळी होते. सुईचं पाकीट आपल्यासमोर फुटलं पाहिजे, शाई नव्या टोपीत ओतली गेली पाहिजे, आणि उरलेली बाटलीत परत जाता कामा नये. नियमित रक्तदान करणाऱ्यांनी हेही धरून चालावं की टॅटूनंतर वर्षभर आपलं रक्त घेतलं जाणार नाही.

राहिली मुंबईची हवा. नव्या टॅटूवर पारदर्शक चिकट फिल्म लावून देतात, ती तीन ते पाच दिवस ठेवायची असते. खाली थोडा काळपट द्रव साठतो, तो चालतो. पण घामाने कडा सुटून पाणी आत जाऊ लागलं तर ती काढून टाकायची, वरून दुसरी चिकटपट्टी लावून दामटायची नाही. सौम्य साबण, स्वच्छ हात, मलम इतकंच की कातडी चमकेल, भिजणार नाही. हळद नको. खपली नखाने काढली की तिच्याबरोबर शाईही निघते. गर्दीच्या लोकलमध्ये सैल, सुती बाही. आणि दोन-तीन आठवडे ना पोहण्याचा तलाव ना समुद्र.

नेमकं हेच श्रावण-भाद्रपदात कोणी ऐकत नाही. ताजा बाप्पा दंडावर घेऊन लोक विसर्जनाला चौपाटीच्या कमरेएवढ्या पाण्यात उतरतात, आणि त्या पाण्याबद्दल मुंबईकराला वेगळं सांगायला नको. बाप्पा अकरा दिवसांचा असेल तर टॅटू नारळी पौर्णिमेपर्यंत उरकावा, अनंत चतुर्दशीला चार आठवडे होतात. दीड दिवसाचा असेल तर नागपंचमीलाच.