हातची नोकरी सांभाळून दुसरी शोधताना

गोव्यात नोकरीत असताना दुसरी नोकरी शोधायची तर पहिली अडचण गुपिताची. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत या कंपनीचा एचआर त्या कंपनीच्या एचआरला नावाने ओळखतो. कळंगुटच्या हॉटेलातला शेफ गेल्या मोसमात कुठे होता आणि का सोडून आला, हे पणजीपर्यंत माहीत असतं. अशा ठिकाणी तुम्ही कोणापुढे मुलाखतीला बसलात ही बातमी तुमच्या आधी तुमच्या ऑफिसात पोचू शकते. त्यामुळे मुलाखत घेणारा माणूस नीट वागला नाही तर नुसता अपमान गिळून भागत नाही, हातच्या नोकरीलाही धक्का लागू शकतो. म्हणून तयारी दोन्ही बाजूंनी हवी: गुपित राखायची आणि अशा माणसाला तोंड द्यायची.

सुरुवात मोबाईलपासून. अर्जांसाठी स्वतःचा ईमेल आणि स्वतःचाच नंबर वापरा. कंपनीचा लॅपटॉप आणि कंपनीचं वायफाय या कामाला अजिबात नको. नोकरी डॉट कॉमवर ठरावीक कंपन्यांपासून प्रोफाइल लपवायची सोय आहे. तिथे आपल्या कंपनीचं नाव टाकाच, शिवाय त्याच समूहातल्या बाकीच्या कंपन्यांचीही टाका, कारण एका समूहाचा एचआर बऱ्याचदा एकच असतो. लिंक्डइनवर 'ओपन टू वर्क'ची हिरवी पट्टी फोटोभोवती लावू नका. फक्त रिक्रूटरना दिसेल असा पर्याय आहे खरा, पण आपल्याच कंपनीच्या रिक्रूटरला ते दिसणार नाही याची पूर्ण हमी लिंक्डइनही देत नाही. आणि प्रोफाइलला हात लावण्याआधी, केलेले बदल ओळखीच्यांना कळवणारी सेटिंग बंद करा.

रजेच्या बाबतीत खोटं बोलू नका. आजारपणाची रजा टाकून दुपारी पणजीच्या पाटो भागात कोणाला भेटलात की संपलं, आणि गोव्यात कोणी ना कोणी भेटतंच. किरकोळ रजा किंवा अर्धा दिवस घ्या आणि कारण म्हणून 'वैयक्तिक काम' एवढंच सांगा. पाळीत काम करत असाल तर पहिली पाळी सुटल्यानंतरची वेळ मागा. कारखान्यांच्या एचआरना त्यात काही वावगं वाटत नाही. हॉटेलवाल्यांची आठवड्याची सुट्टी शनिवार-रविवारी क्वचितच येते, त्यामुळे त्यांचं उलट सोपं असतं. त्यांनी पाहायचं ते ऑक्टोबर. मोसम तोंडावर आला की माणसांची गरज असते आणि बोलणीही लवकर होतात. डिसेंबरात मात्र तुम्हाला कोणी सोडणार नाही. ऑनलाइन मुलाखत पावसाळ्यात असेल तर वीज जाणार हे गृहीत धरा: फोन पूर्ण चार्ज केलेला आणि घरच्या वायफायपेक्षा वेगळ्या कंपनीच्या सिमवर डेटा.

आता मुलाखत घेणाऱ्याकडे वळू.

पंधरा-वीस मिनिटं उशीर होतो, त्याचं काही वाटून घेऊ नये. अर्धा तास झाला की रिसेप्शनवर जाऊन विचारा आणि आपली मर्यादा सांगा: 'मी साडेचारपर्यंत थांबू शकतो. त्यांना जमणार नसेल तर दुसरी वेळ द्या.' एवढं बोलण्याचा हक्क तुम्हाला हातच्या नोकरीने दिलेला असतो, तो वापरा. माफी मागत धावत येणारा माणूस आणि तासाभराने आत बोलावून फोनवरच बोलत राहणारा माणूस यांत फार अंतर आहे. त्या दुसऱ्या माणसाच्या हाताखाली रोज काय होईल ते तुम्हाला आजच दिसलं.

कठीण प्रश्न आणि उद्धट प्रश्न यांत गल्लत होते. ओळखायची खूण अशी की कठीण प्रश्न कामावर असतो. 'ही बॅच नापास झाली तेव्हा तुम्ही काय केलंत? मग आधी का नाही लक्षात आलं?' असं कोणी खोदून, आवाज चढवून विचारलं तरी तो प्रश्न योग्य आहे, त्याचं उत्तर द्यावं. 'एवढी वर्षं एकाच जागी काढलीत, म्हणजे दुसरीकडे कोणी घेत नसेल' हे माणसावर आहे. यावर चिडू नका, वाद घालू नका, प्रश्न पुन्हा कामावर आणा: 'त्या वर्षांत मी काय काय हाताळलं ते सांगतो.' एकदा करून पाहा. तो वळला तर कदाचित नुसतं पारखत होता. पुन्हा तिथेच आला तर तो त्याचा स्वभाव आहे.

'कुठल्या गावचे?' हा प्रश्न गोव्यात मुलाखतीतही येतो आणि त्यात बहुतेक वेळा आपुलकीच असते. साखळी, काणकोण, जिथले असाल ते सांगा आणि पुढे चला. तिथून गाडी जात, लग्न, मूल कधी अशी घसरली तर थांबवा. स्त्री-पुरुष म्हणून नोकरी देताना भेदभाव करायला कायद्याने मनाई आहे. १९७६च्या समान वेतन कायद्यात ती तरतूद होती आणि २०१९च्या वेतन संहितेतही आहे. मुलाखतीच्या खोलीत मात्र कायद्याचं कलम सांगून उपयोग होत नाही. प्रश्नामागची रास्त काळजी काय असू शकेल ती ओळखून तेवढंच उत्तर द्या: 'शिफ्टची वेळ आणि फिरती मला जमेल.' मग गप्प राहा. ती शांतता त्यांनी भरू दे.

सगळ्यांत जास्त सावध राहायचं ते सध्याच्या कंपनीच्या माहितीबद्दल. औषधांच्या कारखान्यातल्या माणसाला बॅचचा आकार, कच्चा माल कोणाकडून आणि काय दराने येतो, मागच्या ऑडिटमध्ये काय निघालं, असं विचारलं जातं. हॉटेलच्या सेल्सवाल्याला एजंटचं कमिशन आणि कंपन्यांना दिलेले दर विचारतात. कधी कधी मुलाखत निव्वळ त्यासाठीच लावलेली असते. उत्तर ठरवून ठेवा: 'तो आकडा मला सांगता येणार नाही. त्या कामात माझी जबाबदारी काय होती ते सविस्तर सांगतो.' चांगली कंपनी या उत्तराने खूश होते, कारण उद्या तुम्ही तिचीही माहिती अशीच सांभाळणार असता. जी रागावते तिच्याकडे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि खास गोव्यातला प्रकार: 'तुमच्या मॅनेजरला मी ओळखतो. लावू का फोन?' हसून म्हटलेलं असलं तरी हसण्यावारी नेऊ नका. तिथल्या तिथे सांगा: 'आत्ता नको. ऑफर लेटर आल्यावर माझ्या संमतीने विचारा.' घरी पोचल्यावर हेच एचआरला दोन ओळींच्या ईमेलमध्ये लिहा, म्हणजे नोंद राहते. पार्श्वभूमी तपासणीच्या फॉर्मवर सध्याच्या कंपनीशी संपर्क करावा का असा रकाना असतो, तिथे 'नाही' लिहा आणि संदर्भासाठी आधीच्या कंपनीतल्या वरिष्ठाचं नाव द्या.

चाचणीच्या नावाखाली फुकट काम करून घेणं हाही वाईट वागणुकीचाच भाग. शेफला दोन-तीन पदार्थ करायला लावणं, फार तर एक पाळी किचनमध्ये उभं करणं, हे रीतीला धरून आहे. नाताळच्या गर्दीत तीन दिवस 'ट्रायल' ही ट्रायल नव्हे. आयटीत दोन-तीन तासांचा सराव प्रश्न ठीक, पण त्यांच्याच ग्राहकाचं अख्खं काम करून मागितलं तर नकार द्या. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतो म्हणाले, किंवा नोंदणीचे पैसे मागितले, तर तिथेच उठा.

हॉटेलात मुलाखती होतात, ते इथे नेहमीचंच आहे. लॉबी, कॉन्फरन्स रूम चालेल. कोणाच्या मुक्कामाच्या खोलीत जाऊ नका. आणि मुलाखतीत अंगचटीला येणं, लैंगिक शेरे, तसली मागणी असं काही झालं तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा उमेदवार स्त्रीलाही लागू होतो, हे फार थोड्या मुलींना माहीत असतं. कायद्यातल्या व्याख्येत 'नोकरीत असो वा नसो' असे शब्द आहेत. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत अशा तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. त्याहून लहान जागा असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. त्याच रात्री तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द आणि खोलीत कोण कोण होतं हे लिहून ठेवा. मुलाखतीचं बोलावणं ज्या मेसेजवर आलं तो पुसू नका.

एवढं गंभीर नसेल आणि नुसतं वागणं वाईट असेल, तर पुढचा प्रश्न एकच: हा माणूस तुमचा साहेब होणार आहे का? दुसऱ्या विभागातला असेल तर एचआरला सांगून प्रत्यक्ष वरिष्ठाची भेट मागा. तोच साहेब असेल तर पगार किती वाढतो हे पाहण्याआधी, त्या जागेवर आधी कोण होतं आणि किती दिवस टिकलं, हे शोधा. मुलाखतीतही विचारता येतं: 'ही जागा नवीन आहे की कोणी सोडून गेलं?' उत्तर टाळलं तर बाहेरून काढा. ओळखीतलं कोणी तिथे कामाला असतंच. फक्त आपण स्वतः शोधतोय हे न सांगता विचारा. नको असं ठरलं की चार ओळींचं नम्र पत्र पाठवून अर्ज मागे घ्या. रागाच्या भरात ऑनलाइन परीक्षण लिहू नका. एका जागेसाठी पाच जणांच्याच मुलाखती झालेल्या असतात, लिहिणारा कोण हे तासाभरात कळतं.

आकडे पक्के होईपर्यंत पगाराच्या स्लिपा देऊ नका. साधारण शेवटच्या तीन महिन्यांच्या मागतात, त्या तोंडी बोलणी झाल्यावर द्याव्यात. वार्षिक पॅकेजमध्ये कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटीचे मूळ पगाराच्या ४.८१ टक्के धरलेले असतात, म्हणून हातात दरमहा किती येणार ते वेगळं लिहून मागा. राजीनामा सहीच्या ऑफर लेटरनंतरच. त्यात हुद्दा, कामाचं ठिकाण, प्रोबेशन, नोटीसचा काळ आणि रुजू होण्याची तारीख पाहा. सध्याच्या जागी पाच वर्षं पुरी व्हायला महिना-दोन महिने उरले असतील तर रुजू होण्याची तारीख पुढे ढकलून मागा, नाहीतर ग्रॅच्युइटी हातची जाऊ शकते. पीएफला जुनाच यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) द्या, नवा काढू देऊ नका. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख टाकली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी पीएफच्या पोर्टलवर ती स्वतःला टाकता येते, त्यासाठी आधार जोडलेला मोबाईल नंबर चालू असायला हवा.