माझा अनुभव: डीकिमची सही आणि डीएनएस पॅनेलने कापलेली की

मेल सर्व्हरवर डीकिम (पाठवलेल्या मेलवर डोमेनची डिजिटल सही लावण्याची पद्धत) सुरू करणं फार वेळ खाणारं काम नाही. कीची जोडी (एक खाजगी, एक सार्वजनिक) बनवा, खाजगी की सर्व्हरवर ठेवा, सही चालू करा, झालं. मला रखडवलं ते डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या डीएनएस पॅनेलने (डोमेनच्या सार्वजनिक नोंदी भरायचं पान; सार्वजनिक की इथेच टाकायची), आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

हा खटाटोप लागतो, कारण मेल पाठवण्याचा प्रोटोकॉल एसएमटीपी स्वतःहून प्रेषकाची खातरजमा करत नाही. 'फ्रॉम'मध्ये कुणीही तुमचा पत्ता लिहू शकतो. डीकिममध्ये सर्व्हर मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला छोटा ठसा) काढतो आणि तो हॅश व निवडक हेडर ('फ्रॉम'सारख्या मेलच्या वरच्या ओळी) यांवर खाजगी कीने सही करतो. मेल घेणारा सर्व्हर सार्वजनिक की तुमच्या डीएनएसमधून उचलून सही तपासतो. 'फ्रॉम' किंवा मजकूर मध्येच बदलला, तर सही जुळत नाही.

आता अडलं कुठे ते. २०४८ बिटची आरएसए की बेस-६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांत लिहिली की, ३९२ अक्षरांची होते. ती ठेवतात डीएनएसच्या टीएक्सटी रेकॉर्डमध्ये (मजकुराची नोंद), आणि त्यातल्या एका स्ट्रिंगची, म्हणजे मजकुराच्या तुकड्याची, मर्यादा मात्र २५५ बाइटची. १०२४ बिटची की २१६ अक्षरांत मावते, म्हणून जुन्या मार्गदर्शिकांत ही अडचण दिसतच नाही. पण २०१८ च्या आरएफसी ८३०१ या इंटरनेट मानकाची शिफारस किमान २०४८ बिटची आहे, त्यामुळे मागे जाऊ नका. पॅनेलने पूर्ण की घेतली, हिरवी खूण दाखवली आणि २५५ च्या पुढचं गुपचूप टाकून दिलं. सपोर्टचं उत्तर दर वेळी तेच: रेकॉर्ड बरोबर आहे, ४८ तास थांबा. तुटलेली की थांबून जुळत नाही!

पॅनेलवर विश्वास न ठेवता 'डिग' या डीएनएस तपासणाऱ्या कमांडने थेट डोमेनच्या अधिकृत नेमसर्व्हरला विचारा. नेहमीच्या २०४८ बिटच्या कीची शेवटची सहा अक्षरं 'आयडीएक्यूएबी' (IDAQAB) असतात. ती दिसली नाहीत, तर की कापली गेली आहे. उपाय म्हणजे एकाच रेकॉर्डमध्ये अवतरणचिन्हांतल्या दोन स्ट्रिंग, प्रत्येकी २५५ च्या आत. दोन वेगळे रेकॉर्ड नकोत. काही पॅनेल अवतरणचिन्हं स्वतःच लावतात. तिथे आपणही लावली तर ती मजकुरात शिरतात. एवढं करूनही पॅनेल ऐकत नसेल, तर भांडत बसू नका, नेमसर्व्हर दुसरीकडे हलवा.

नावाच्या रकान्यात फक्त सिलेक्टर (कीला आपण दिलेलं नाव), टिंब आणि '_डोमेनकी' (_domainkey) लिहा. बरीच पॅनेल डोमेन स्वतः जोडतात; तुम्हीही लिहिलंत तर ते दोनदा येतं. आणि रेकॉर्ड टाकण्याआधी तपासणीच्या साइटवर शोधू नका, 'सापडलं नाही' हे उत्तरही कॅशमध्ये काही काळ राहतं.

पुढचं सरळ आहे, पण दोन गोष्टी पक्क्या करा. 'बॉडी हॅश जुळला नाही' असं आलं तर कीचं काही बिघडलेलं नसतं. सहीनंतर कुणीतरी मजकूर बदललेला असतो, बहुधा तळटीप जोडणारा फिल्टर. म्हणून सही सर्वांत शेवटी करा आणि कॅननिकलायझेशन (मोकळ्या जागांसारखे किरकोळ बदल सहीला चालतील का, ते ठरवणारी सेटिंग) 'रिलॅक्स्ड/रिलॅक्स्ड' ठेवा. 'एल' टॅग (मजकुराचा किती भाग सहीत धरायचा ते सांगणारा) अजिबात वापरू नका, त्याने मेलच्या शेवटी हवं ते चिकटवायला वाट मिळते.

दुसरी जास्त महत्त्वाची. नुसत्या डीकिमने तोतया अडत नाही. तो स्वतःच्या डोमेनची सही लावून 'फ्रॉम'मध्ये तुमचं नाव घालू शकतो, आणि ती सही खरीच निघते! सहीतल्या 'डी' टॅगचं, म्हणजे सही करणाऱ्याचं, डोमेन 'फ्रॉम'शी जुळतं का, हे डीमार्क (डोमेनमालकाने डीएनएसमध्ये लावलेला तपासणीचा नियम) पाहतो; एसपीएफ (कोणते सर्व्हर त्या डोमेनची मेल पाठवू शकतात त्याची यादी) किंवा डीकिम यांपैकी एक तरी जुळलं की त्याला पुरतं. वृत्तपत्रिका पाठवणारी सेवा स्वतःच्या डोमेनने सही करत असेल, तर तिथे तुमचं डोमेन लावून घ्या. डीमार्कचं धोरण आधी 'नन' (काही अडवू नका) ठेवून अहवाल वाचा, सगळे खरे प्रेषक जुळले की 'क्वारंटाइन' (संशयित म्हणून बाजूला टाका), मग 'रिजेक्ट' (घेऊच नका).

की बदलताना नवा सिलेक्टर घ्या आणि जुना आठवडाभर राहू द्या, कारण वाटेत अडकलेल्या मेलची सही उशिरा तपासली जाते. त्यानंतर जुन्या रेकॉर्डमधला 'पी' टॅग (ज्यात सार्वजनिक की असते) रिकामा करा, म्हणजे ती की रद्द झाल्याचं घेणाऱ्याला कळतं.